निव्वळ

नंदुरबारात मिरचीच्या हंगामात
कुणाचे डोळे वाहिले तर कुणी विचारत नाही.
रस्त्यापर्यंत पथारी लाल,
बायका तोंडाला फडकं बांधून देठ खुडतात,
रिक्षावाला शिंकतो, पोस्टमन शिंकतो,
आणि धर्मकाट्याच्या खिडकीत बसून
मी तीन हंगाम रडून घेतलं,
पावत्या फाडत, गाडी नंबर विचारत,
कुणाच्या ध्यानात न येता.
माझ्याही.

चैत्रात पथारी झाडून साफ झाली.
काट्यावर दिवसाकाठी दोन गाड्या, त्याही वाळूच्या.
अशाच एका मंगळवारी डबा उघडला,
कळण्याची भाकरी, डाळगंडोरी,
आणि डोळे आपले सुरू.
सुपडू आप्पा माठ भरत होते.
म्हणाले, "काय जयं वं माय?
आते ते मिरची बी नही शे."

तोंड उघडलं,
तर जवळ उत्तरच नव्हतं.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचा माल तोलते मी,
कांदा, कापूस, केळी, भंगार.
माझी एकही पावती नाही.

त्या रात्री जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानावर
तीन रकाने आखले, हाताच्या सवयीनं:
भरलेली. रिकामी. निव्वळ.

पहिली नोंद: हर्षालीवर ओरडले, दूध उतू गेलं म्हणून.
शेजारची खिडकी उघडली, एवढी भरलेली.
त्यातून दूध काढून बाजूला ठेवलं. अर्धा लिटर.
मग बाकीचं कुणाचं?
मागे मागे जात गेले
तर सकाळी खुशालशेठ म्हणाले होते,
"तुमच्यापेक्षा यंत्र बरं, ताई, पगारवाढ मागत नाही,"
आणि मी हसले होते.
ते हसू दिवसभर माझ्याबरोबर फिरलं,
ताडपत्रीखाली.

दुसरी नोंद खोटी लिहिली. खोडली.
तिसरी: बहिणीचा फोन, जळगावात फ्लॅट घेतला.
मत्सर, असं लिहायला पेन चालेना.
"थकवा" लिहिलं.
दोन दिवसांनी उघडून दुरुस्त केलं.
शब्द कागदावर आला तेव्हा, खरं सांगते,
वाटला होता त्याहून लहान होता.

ड्रायव्हरला आम्ही सांगतो, खाली उतर,
तुझं वजन मालात नको.
मला उतरायला वेळ लागतो.
काही दिवस तर केबिनमध्येच बसून असते, काच वर करून,
आणि आकडा बघून म्हणते, बाप रे, केवढं हे दुःख.

सकाळी काटा लावताना आधी शून्य बघायचं असतं.
एकदा शून्य येईचना. पंधरा. वीस. पुन्हा पंधरा.
कंपनीला फोन लावणार
तर पलीकडच्या कडेला कुत्रं झोपलेलं,
पहाटे लोखंड गार असतं.
हाकललं नाही. थांबले.
उठलं, अंग झाडलं, गेलं.
आता उठल्या उठल्या छातीवर काही वाटलं
तर लगेच यंत्राला दोष देत नाही.

रिकामी गाडीही रोज तेवढीच भरत नाही,
हे तर ठाऊकच होतं.
टायरांना चिखल, टाकीत डिझेल,
क्लीनरची वळकटी, देवापुढचा नारळ.
कुणाच्याही गाडीला मी एवढी सूट देते.
स्वतःला देत नव्हते.

परवा वही उघडली तर खाली हर्षालीचं अक्षर.
रागावणार होते.
गाडी नंबरच्या जागी तिनं स्वतःची जन्मतारीख टाकलेली,
भरलेलीच्या रकान्यात काहीतरी बारीक लिहून
वरून गिरवून काळं केलेलं,
पुढचे दोन कोरे.
विचारलं नाही.
वही होती तिथं ठेवली, पेन टोपण काढून शेजारी,
आणि दोघींसाठी चहा टाकायला गेले.
दूध पुन्हा उतू गेलं.
पुसलं.